आक्कांचं मौन

"बाई, आमचा जावई मुका होऊन आला की वो!"

सकाळी साडेसहाला आक्कांनी कुडावरून ही बातमी टाकली तेव्हा माझ्या तोंडात राखुंडी होती, म्हणजे तेवढ्यापुरती मीही मुकीच होते. नुसते डोळे मोठे केले. आक्कांना तेवढं पुरतं. त्यांना उत्तर नको असतं, समोर तोंड असलं म्हणजे झालं.

आमच्या आणि आक्कांच्या परसात भिंत नाही, तुराट्यांचा कूड आहे. दरवर्षी तुरीचं खळं झालं की दोन्ही घरचे पुरुष मिळून तो नवा उभा करतात. पौषात तो ताठ असतो. आषाढ येईस्तोवर आक्का जिथं टेकतात तिथं त्याला खळगा पडतो. माझ्या बाजूनंही पडतो, थोडा कमी, असं मी आजवर समजत होते.

गुळणी करून विचारलं, "मुका म्हणजे? घशाला काही झालं काय?"

"कशाचं वो! घसा धडधाकट हाय. दहा दिवस इगतपुरीला जाऊन गप बसला म्हनं. आता चार गोष्टी विचाराव्यात तर एकीचं उत्तर देतो, ते बी उलीसं. पोरगी म्हनती, आई, लई चांगलं झालं. मला तर काळजीच लागली."

संध्याकाळी जावईबापू परसात आले तेव्हा मी त्यांनाच गाठलं. मुके वगैरे काही झालेले नव्हते. हळू बोलत होते, एवढंच. पण आमच्या झरीत हळू बोलणाऱ्याला लोक आजारी समजतात.

ते धम्मगिरीला जाऊन आले होते. इगतपुरीच्या या केंद्रात 1976 पासून विपश्यनेची शिबिरं चालतात. ती सुरू करणारे सत्यनारायण गोएंका जन्मानं मंडालेचे. ब्रह्मदेशातच सयाजी उ बा खिन यांच्याकडं ते ही साधना शिकले आणि 1969 मध्ये ती भारतात घेऊन आले. शिबिर दहा दिवसांचं. गेल्या गेल्या मोबाइल जमा. वही नाही, पेन नाही, पुस्तक नाही. पहाटे चारला घंटा. शेजारच्या माणसाशी बोलायचं तर नाहीच, खुणाही करायच्या नाहीत, नजरसुद्धा द्यायची नाही. पहिले तीन दिवस नाकातून येणारा-जाणारा श्वास तेवढा बघत बसायचं. दहाव्या दिवशी सकाळी मौन सुटतं.

"पहिले दोन दिवस डोक्यात आठवडी बाजार भरला होता," जावईबापू म्हणाले. "ऑफिसातला साहेब, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन, शाळेत कुणाची तरी द्यायची राहिलेली पेन्सिल. तिसऱ्या दिवशी जेवताना मला माझ्याच चावण्याचा आवाज आला. म्हटलं, आयला, हा इतके दिवस कुठं होता?"

"अन् पैशे किती घेतेत?" आक्का मधेच.

"काहीच नाही. शिबिर पुरं झाल्यावर वाटलं तर दान द्यायचं."

आक्कांनी हिशोब केला. "म्हंजी जेवन फुकट, निजनं फुकट, भांडी घासायची न्हाईत, अन् वरून कुनी बोलनार बी न्हाई. हे तर माहेराच्या वर झालं की!"

जावईबापू हसले. मीही हसले. कुडाच्या पलीकडं आक्कांची सून धुणं वाळत घालत होती, ती मात्र हसली नाही. तेव्हा मला ते खटकलं नव्हतं.

लोकांना वाटतं, शांत बसायला शहरवाल्यांनी खेड्यात यावं. यावं आणि झरीत एक रात्र काढून बघावी. गावाचं नाव झऱ्याचं. पण इथं झऱ्याचा आवाज ऐकायचा तर आधी परभणी-जिंतूर रस्ता बंद करावा लागेल. पहाटे देवळाचा कर्णा. मग ट्रॅक्टर, त्यावरची गाणी ट्रॅक्टरपेक्षा मोठी. भंगारवाला आता ओरडत नाही, त्याची रेकॉर्ड ओरडते. पौषात लग्नं नसतात म्हणून डीजे तेवढा महिनाभर विसावा घेतो, नाहीतर नवरदेव वेशीतून निघाला की आमच्या फडताळातली कपबशी नाचायला लागते. ध्वनिप्रदूषणाच्या सन 2000 च्या नियमात रहिवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल लिहिलंय, रात्री दहा ते सकाळी सहा कर्णा बंद असंही लिहिलंय. मी शाळेत हे पोरांना शिकवलं आहे. त्यातली दोन पोरं आज डीजे चालवतात.

रान तरी शांत म्हणावं, तर तेही राहिलं नाही. रोही आणि रानडुकरं हाकलायला शेतकऱ्यांनी बॅटरीवरचे भोंगे लावलेत. माणसाची आरोळी आणि कुत्र्याचं भुंकणं त्यात भरून ठेवलेलं, रात्रभर तेच फिरून फिरून. पूर्वी ज्वारीत माळ्यावर बसून गोफण फिरवणारा राखणदार तासाभरानं दमायचा, तेवढी पाखरांनाही सवड मिळायची. भोंगा दमत नाही.

एकच गोष्ट आम्हाला गप्प करते, ती म्हणजे लाइट जाणं. लाइट गेली की गल्लीत एकदम काहीतरी सुरू झाल्यासारखं वाटतं. खरं तर सगळं बंद झालेलं असतं. गिरणी, पंखे, टीव्ही. मग लांबवर टिटवी ओरडते, कुणाच्या तरी गोठ्यात म्हैस दाव्याला हिसका देते. माणसं दाराशी येऊन बसतात. पण घटकाभरानं लाइट आली की "आली रे!" म्हणून सगळे आत पळतात, जणू कुणी पाहुणा आलाय.

दुसऱ्या दिवशी मी आक्कांना सांगलीकडची गोष्ट सांगितली. कडेगाव तालुक्यात मोहित्यांचं वडगाव आहे. कोरोनात शाळा मोबाइलवर भरली, नंतर शाळा उघडली तरी पोरं मोबाइलवरून उठेनात. तेव्हा गावानं ठरवलं आणि 15 ऑगस्ट 2022 पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजायला लागला. तो वाजला की घराघरातला टीव्ही बंद, मोबाइल बाजूला. पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं नाहीतर एकमेकांशी बोलायचं. साडेआठला पुन्हा भोंगा, मग ज्याचं त्यानं बघावं. सुरुवातीला गावकरी घरोघर फिरून बघत, कुणी चोरून लावला तर नाही. आता बेळगावजवळच्या हलग्यातही तसंच सुरू झालंय, तिथं सात ते नऊ.

आक्कांनी बोटं मोजून बघितलं. "साडेसातला माझी मालिका असती."

"म्हणूनच सांगतेय."

"तसं न्हाई बाई. त्या मालिकेत सासूला इख घातलंय. ती जगती का मरती ते बघायला नको?"

"किती दिवस झाले घालून?"

"आखाडात घातलंय."

आता पौष संपत आला होता. एवढ्या सावकाश मरणारी बाई बघायला मिळत असेल तर आयुष्य संथ नाही असं कोण म्हणेल!

पण आक्कांच्या डोक्यात किडा वळवळला होता. जावई करतो ते आपल्याला का येऊ नये? शिवाय अमावस्या तोंडावर होती, पौषातली, मौनी अमावस्या. आमच्या भागात ती फार कुणी पाळत नाही. पण कॅलेंडरवर छापलेली असते आणि आक्का कॅलेंडर पाठीमागूनसुद्धा वाचतात.

"आजवर कुनी असं बसलंय का वो, मोठ्या मानसांपैकी?" त्यांनी विचारलं.

शिक्षकाला असा प्रश्न विचारू नये. मी सुरू झाले. गांधीजी सोमवारी बोलत नसत हे सांगितलं. मग नगरजवळच्या अरणगावचं मेहेराबाद. मेहेरबाबा पुण्यात जन्मलेले, डेक्कन कॉलेजात शिकलेले. 10 जुलै 1925 पासून त्यांनी बोलणं सोडलं ते 31 जानेवारी 1969 ला देह ठेवीपर्यंत. साडेत्रेचाळीस वर्षं. आधी अक्षरांची पाटी समोर ठेवून एकेका अक्षरावर बोट टेकवत सांगायचे. 1954 मध्ये पाटीही सोडली आणि नुसत्या हातांच्या खुणांवर आले. त्यांना मानणारे लोक अजून 10 जुलैला मौन पाळतात.

"साडेत्रेचाळीस वर्षं!" आक्का म्हणाल्या. "अन् पाटीवर बोट ठिवून बोलायचं म्हंजी बोलन्यापरीस कष्टाचं. आपन तर तेवढ्यासाठी बोलायचंच सोडून देऊ."

"तेच तर त्यात आहे ना आक्का. एकेक अक्षर वेचायचं म्हटलं की माणूस फुकटचं बोलत नाही."

मग मी पवनारचे विनोबा काढले. 25 डिसेंबर 1974 ला त्यांनी वर्षभराचं मौन घेतलं. मधेच आणीबाणी आली. सगळा देश विचारतोय, विनोबा काय म्हणतात? आणि मौनातच त्यांनी लिहिलेला 'अनुशासनपर्व' हा शब्द सरकारनं उचलून धरला. कुणी म्हणे त्यांनी पाठिंबा दिला, कुणी म्हणे तसा अर्थच नव्हता. अजून वाद संपलेला नाही.

आक्का बराच वेळ गप्प राहिल्या. आक्कांच्या मानानं बराच. मग म्हणाल्या, "म्हंजी मोठ्या मानसाचं गप बसनं बी लोक आपल्या सोयीनं ऐकतेत."

31 वर्षांच्या नोकरीत इतिहासाचं इतकं चांगलं उत्तर मला कुठल्याही पेपरात मिळालेलं नाही.

त्यांच्या घरातही परंपरा होतीच म्हणा. आक्कांच्या सासूबाईंनी एकदा चातुर्मासात मुक्यानं जेवायचा नेम धरला होता. ताटावर बसलं की उठेपर्यंत शब्द काढायचा नाही. चार महिने निभावलं. आणि या नेमाचं उद्यापन काय, तर देवळाला घंटा द्यायची! चार महिने गप्प बसलेल्या बाईनं दिलेली ती घंटा अजून येणारा-जाणारा प्रत्येक जण वाजवतो. आक्कांचं म्हणणं, म्हातारीनं सगळं साठवून त्यात भरून ठेवलंय.

अमावस्येला सकाळी मी परसात गेले तर पलीकडून टाळी. मग पितळी तांब्यावर चमच्याची टणटण. मग दोन टाळ्या. आक्कांची सून कुडाशी आली, घाबरीघुबरी.

"बाई, आत्याबाईंचं आज मौन हाय. दोन बोटं दाखवायल्यात. दोन भाकरी म्हनावं तर न्हाई म्हनत्यात, दोन कप च्या म्हनावं तर डोळे वटारत्यात. काय असंल वो?"

मी जाऊन बघितलं. आक्का ओसरीवर बसलेल्या, दोन बोटं वर. मी म्हटलं, "दोन नंबरची शेळी?" मान डोलली. दोन नंबरची शेळी सुटून वाफ्यात घुसली होती. तोवर तिनं मेथीचा अर्धा वाफा उडवला होता. मौनाची किंमत मेथीनं मोजली.

दुपारपर्यंत आक्कांचं मौन आमच्या घरापर्यंत स्पष्ट ऐकू येत होतं. पाट आपटला तर 'पाणी आण'. उंबऱ्यावर काठी ठोकली तर 'कोण आलंय बघ'. खाकरणं दोन प्रकारचं, एक सुनेसाठी, एक आबांसाठी. आबा, म्हणजे आक्कांचे यजमान, हे दहा मिनिटांत ओळखून शेताकडं निघून गेले. जाताना मला म्हणाले, "बोलती तवा निदान कळतं तरी."

जेवणं झाल्यावर आक्का नेहमीच्या वेळी कुडाशी येऊन टेकल्या. तोंडावर बोट. मी म्हटलं, काही हरकत नाही, तुम्ही ऐका. आणि मी बोलायला लागले. पेन्शनचं सांगितलं, थोरल्याच्या बदलीचं सांगितलं, कापसाच्या भावाचं, माझ्या पाठदुखीचं, शेजारगावच्या एका लग्नाचं. मधे आक्का 'हं' सुद्धा म्हणू शकत नव्हत्या. घरात आले तेव्हा पावणेदोन तास झालेले. तेव्हा पहिल्यांदा मला शंका आली की कुडाला मोठा खळगा नक्की कुणाच्या बाजूचा आहे.

खरी गोष्ट मात्र दिवेलागणीच्या आधी घडली. मी तुळशीपाशी होते. पलीकडं न्हाणीत सून भांडी घासत होती आणि आक्का जवळच दगडावर बसलेल्या. सून सहज म्हणाली, "आत्याबाई, एक सांगू का? रोज तुम्ही म्हनता कालवन खारट झालं. खारट मी करत न्हाई. मी मीठ टाकून बाहेर येते, अन् तुम्ही चुलीपासून जाता-येता उलीसं टाकता. दोन डाव होतं ते."

आक्कांनी तोंड उघडलं. मग मिटलं. अमावस्या होती.

भांडी घासण्याचा आवाज थांबला. "हे सांगायचं म्हनून सात वर्षं झाली. दर डावाला अर्ध्यात तुमी बोलता, अन् माझं ऱ्हाऊन जातं."

एवढंच. रडणं नाही, भांडण नाही. राख लावून पुन्हा तांब्या घासायला लागली. पण त्या दिवशी तिनं त्यानंतरही बरंच सांगितलं, माहेरच्या विहिरीचं, शिवणाच्या क्लासचं, धाकट्याच्या शाळेचं. सगळं पूर्ण वाक्यांत. मी मुद्दाम ऐकलं असं नाही. तुराट्यांतून ऐकू येतं.

रात्री मला झोप लागेना. मी 31 वर्षं वर्गात काय केलं? दिवसातून निदान पन्नास वेळा 'गप्प बसा' म्हटलं. ते मुलांसाठी असायचं. मुलींना सांगायची गरज फार कमी पडायची, त्या घरूनच शिकून आलेल्या असायच्या. आणि आम्ही शेरा लिहायचो, 'शांत व समंजस'. जावईबापू दहा दिवस गप्प बसले ते स्वतः ठरवून, आल्यावर बोलायचं स्वातंत्र्य खिशात घेऊन. त्याला मौन म्हणता येतं. सुनेच्या सात वर्षांना काय म्हणावं? आपल्याकडं त्याला चांगलं वळण म्हणतात. मौनाचे गोडवे गाणारं आजवर जे जे वाचलं, त्यात हा फरक कुणी केल्याचं मला आठवत नाही. बहुतेक ते लिहिणाऱ्याला जेवायला कुणीतरी न बोलता वाढत असावं.

सकाळी आक्का कुडाशी आल्या. मला वाटलं, आता धबधबा. पण म्हणाल्या इतकंच, "बाई, मीठ मीच टाकत व्हते."

"मग?"

"मग काय. डबा तिच्याकडं दिला."

त्यानंतर दोन्ही घरांनी मिळून सांगलीकडचा प्रयोग करून बघायचं ठरलं. भोंगा वगैरे नाही, आमच्या भिंतीवरच्या घड्याळावर. सातला दोन्हीकडचे टीव्ही बंद, मोबाइल आक्कांच्या ज्वारीच्या कोठीत, आणि साडेआठपर्यंत इकडच्या तिकडच्या बातम्याही बंद. आक्कांच्या मालिकेचा प्रश्न त्यांच्या नातवानं सोडवला: दुसऱ्या दिवशी दुपारी तीच पुन्हा लागते, हे त्याला माहीत होतं. आक्कांना पाच वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्या संध्याकाळी सगळे ओसरीवर नुसते बसले. कुणाला काय करावं कळेना. आबांनी तीनदा वेळ विचारली. नातू एकदा कोठीकडं गेला, ज्वारीत हात घातला आणि परत आला. मग हळूहळू कान उघडायला लागले. गोठ्यातलं रवंथ. शेवग्यावरचं काहीतरी पाखरू. आणि एक बारीक आवाज, टप्प, टप्प, थांबून पुन्हा टप्प. जो तो इकडं तिकडं बघायला लागला. न्हाणीमागच्या टाकीची तोटी गळत होती. खाली मातीला चांगला वितभर खड्डा पडलेला, कडेनं हिरवं शेवाळ. म्हणजे कैक महिन्यांचं काम ते. पाण्यासाठी उन्हाळ्यात टँकरकडं डोळे लावणारं घर आणि त्यांच्याच परसात ही गळती.

आबा बॅटरी मारून बघत राहिले. म्हणाले, "झरी झरी म्हनतेत ती हीच का काय!"

दहा रुपयांचा वायसर बसला. तोटी बंद झाली. पण खरं सांगू, दोन दिवस मलाच त्या आवाजाविना चुकल्याचुकल्यासारखं झालं.

आता हरभऱ्याचे घाटे आलेत. सातनंतर आम्ही तिघी कुडाच्या दोन बाजूंना बसून सोलाणा सोलतो. सून आक्कांच्या शेजारी नाही, कुडाला पाठ टेकून माझ्या बाजूला तोंड करून बसते. कधी बोलते, कधी नाही. घाटा फुटल्याचा बारीक आवाज येतो, परातीत दाणा पडतो. परवा असंच चाललेलं असताना आक्का मधेच थांबल्या. हातातला घाटा तसाच. ओठ हलले, पुन्हा मिटले, पुन्हा हलले. डोळ्यांत अशी काही चमक होती की बातमी लहानसहान नव्हती.

"बाई, एक सांगू का?"

सुनेनं मान वळवून आतल्या घड्याळाकडं बघितलं.

"आत्याबाई, सात चाळीस झालेत."

आक्कांनी माझ्याकडं बघितलं. मी घाट्यांकडं बघितलं.

"मंग साडेआठला सांगते," आक्का म्हणाल्या, आणि उरलेली पन्नास मिनिटं त्या इतक्या भराभरा सोलत होत्या की परात भरून सोलाणा कुडाखालून आमच्याकडं यायला लागला.